पाच मुलांचे वडील



स्मृतिव्याख्यानाला येणाऱ्या वक्त्याची एक सोय असते. पहिली पाच मिनिटं दिवंगत व्यक्तीविषयी आदराने बोलायचं आणि मग हळूच आपल्या आवडत्या विषयाकडे वळायचं. या वेळी कुटुंबीयांनी मला ती सोय ठेवली नाही. त्यांनी आधीच सांगून टाकलं, ‘त्यांच्या नोकरीबद्दल, बढत्यांबद्दल काही बोलू नका. ते चांगले नवरे होते, चांगले वडील होते आणि नातवंडांचे लाडके आजोबा होते. आम्हाला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. त्यावर काही बोलता आलं तर बोला.’

आता आली पंचाईत. घरच्यांनी जे तीस-चाळीस वर्षं रोज पाहिलं, ते बाहेरच्या माणसाने माइकसमोर उभं राहून त्यांनाच सांगायचं? ते मला जमणार नाही, आणि जमलं तरी शोभणार नाही. म्हणून मी याच चेन्नई शहरातल्या दुसऱ्या एका माणसाबद्दल बोलणार आहे. त्याला आपण सगळे ओळखतो, पण त्याच्या घरात सहसा डोकावत नाही. चक्रवर्ती राजगोपालाचारी. राजाजी.

समोर तंजावरकडची काही मंडळी बसलेली दिसतात. त्यांच्या मनात येईल, हा गृहस्थ आपले सर टी. माधवराव सोडून राजाजींच्या दारात कशाला गेला? माधवरावांनी त्रावणकोरचे राजपुत्र शिकवले, बडोद्याला सयाजीराव घडवले. त्यांच्यावर बोलायला एक अख्खी संध्याकाळ हवी, आणि बोलावलंत तर मी येईनही. पण माधवरावांचं नाव घेतलं की दरबार समोर येतो. मला आज घर हवं आहे.

राजाजींचं नाव या शहरात कुठे कुठे आहे पाहा. बंदराकडे राजाजी सालै आहे. ओमंदूरार इस्टेटमध्ये राजाजी हॉल आहे. एमजीआर गेले, जयललिता गेल्या, करुणानिधी गेले, तेव्हा त्या हॉलच्या पायऱ्या साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिल्या. गिंडीला गांधी मंडपमच्या आवारात रामाच्या मुकुटाच्या आकाराचं स्मारक आहे. पदांची यादी तर शाळेतली मुलंही म्हणून दाखवतील. १९३७ साली मद्रास प्रांताचे पंतप्रधान, १९४८ मध्ये गव्हर्नर जनरल, १९५२ मध्ये मुख्यमंत्री, १९५४ मध्ये भारतरत्न, १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाचे संस्थापक. १८७८ साली होसूरजवळच्या तोरपळ्ळीत जन्म, २५ डिसेंबर १९७२ रोजी मद्रासमध्ये निधन. झालं की नाही चरित्र?

या चरित्रात पाच मुलं कुठे आहेत?

आपण म्हणतो, माणसाचं खाजगी आयुष्य वेगळं, सार्वजनिक आयुष्य वेगळं. मला हे तितकंसं पटत नाही. माणूस घरात जे शिकतो, तेच घेऊन उंबऱ्याबाहेर पडतो. त्याने कधी लोकांचं भलं होतं. आणि कधी, फार भला माणूस असूनही, होत नाही. राजाजींच्या बाबतीत दोन्ही झालं. म्हणूनच मी त्यांना निवडलं.

आधी पती. इथे मी थोडक्यात आटपणार आहे, आणि का ते सांगतो. १८९७ साली लग्न झालं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि अलमेलु मंगम्मा दहा वर्षांच्या. कोवळ्या वयात त्या आई झाल्या. पाच बाळंतपणं झाली आणि तिशीच्या आतच, १९१५-१६च्या सुमारास, त्या गेल्या. हा संसार गोड प्रेमकथेच्या चौकटीत बसवायचा मोह मी टाळतो. ती एका लहान मुलीची शरीराने सोसलेली हकीकत आहे, आणि त्या काळी घराघरात तसंच चालत होतं.

त्यानंतरचं मात्र सांगायला हवं. राजाजी सदतीस वर्षांचे होते, सेलममधले नामांकित वकील होते, पदरात पाच मुलं होती. अशा माणसाने त्या काळी काय करावं, हे ठरलेलं असे. आपल्याकडचं उदाहरण घ्या. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी वारली. रानडे एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं चाललं नाही आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाई त्यांच्या घरात आल्या. रानड्यांना दोष द्यायला मी उभा नाही; रमाबाईंनी स्वतः लिहिलेल्या आठवणी आपल्याकडे आहेत, त्या वाचून ज्याने त्याने ठरवावं. मला म्हणायचंय ते इतकंच, की रानड्यांसारख्या माणसालाही जी रीत मोडता आली नाही, ती राजाजींनी मोडली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. पुढे ते छप्पन्न वर्षं जगले.

पत्नीविषयी हा माणूस चारचौघांत बोलत बसला नाही. पण त्यांच्या रामायणाच्या शेवटाकडे पाहा. राज्याभिषेक झाला की ते थांबतात. सीतेला वनात पाठवण्याची कथा सांगत नाहीत, आणि का सांगत नाही हेही उपसंहारात लिहून ठेवतात: ते काही आपल्या मनाला रुचत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेला, परंपरेवर गाढ श्रद्धा असलेला हा वैष्णव इथे रामाच्या बाजूने उभा राहत नाही. याचा त्यांच्या संसाराशी संबंध जोडायचा की नाही, हे तुमच्यावर सोपवतो. मी जोडतो.

आता वडील. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

तीन मुलगे, दोन मुली, आई नाही. आणि नेमकी हीच वर्षं या माणसाने कशी घालवली? १९१७ मध्ये सेलम नगरपालिकेचे अध्यक्ष. १९१९ मध्ये बिऱ्हाड मद्रासला, कॅथीड्रल रोडवर. त्या घरी गांधीजी पाहुणे म्हणून उतरले, आणि रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पाळायची कल्पना त्यांना तिथेच एका पहाटे सुचली. पुढे असहकार आला आणि चालती वकिली बंद झाली. १९२१च्या डिसेंबरात वेल्लोरचा तुरुंग. १९२५ मध्ये तिरुचेंगोडजवळ पुदुपाळयमला आश्रम. तिथे वीज नाही, नळ नाही, आजूबाजूला दुष्काळी मुलूख, आणि काम काय, तर खादी विणायची आणि ताडीचं व्यसन सोडवायचं. मुलंही बापामागून तिथे.

याला चांगला बाप म्हणायचं का? मुलांना कोणी विचारलं होतं? वडिलांची वकिली गेली तेव्हा गाडीघोडा गेला, शहर गेलं, सुख गेलं. ते मुलांचंही गेलं. स्वातंत्र्यलढ्यातल्या थोर माणसांची चरित्रं लिहिताना आपण हा हिशेब मांडत नाही. महाराष्ट्रात तर मुळीच मांडत नाही. आपल्याला त्याग फार आवडतो, विशेषतः दुसऱ्याच्या मुलांनी केलेला.

पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे. आपल्या निर्णयापायी मुलांचं आयुष्य बदललं, तर मुलांच्या निर्णयापायी आपलंही बदलू द्यावं लागतं, हे या बापाला मान्य होतं. आणि ती परीक्षा पुण्यात झाली.

धाकटी लेक लक्ष्मी. गांधीजींचा धाकटा मुलगा देवदास. १९२७ मध्ये गांधीजी आजारी पडले आणि विश्रांतीसाठी म्हैसूर संस्थानात राहिले, त्या दिवसांत ही दोघं एकमेकांच्या प्रेमात पडली. मुलगी पंधराच्या आसपास, मुलगा तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. तमिळ अय्यंगार ब्राह्मण आणि गुजराती मोढ वाणी. दोन बाप, दोघेही जगाला शहाणपण शिकवणारे, आणि दोघेही अडचणीत! त्यांनी काय करावं? नकार दिला नाही. होकारही दिला नाही. सांगितलं, थांबा. काही वर्षं भेटायचं नाही, पत्र लिहायचं नाही. त्यानंतरही मन हेच म्हणत असेल तर बघू. पोरं थांबली. आजच्या तरुणांना हा छळ वाटेल, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण एवढं लक्षात घ्या, की ‘थांबा’ म्हणणाऱ्या बापांनी मुदत संपल्यावर शब्द फिरवला नाही. असे बाप किती?

१६ जून १९३३. पुण्यात, येरवड्याच्या टेकडीवर लेडी प्रेमलीला ठाकरसींचा पर्णकुटी बंगला. गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास तिथेच २९ मे रोजी सुटला होता, अंगात अजून त्राण नव्हतं. बँड नाही, वरात नाही, मोजकी माणसं. आता प्रश्न लग्न लावायचं कोणी? मुलगी ब्राह्मण आणि वर वैश्य, म्हणजे शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम. अनुलोमाला जुने ग्रंथ नाक मुरडत का होईना वाट देतात. प्रतिलोमाला देत नाहीत. तेव्हाच्या हिंदू कायद्यातही अशा विवाहाचा पाया डळमळीत होता. साताऱ्याकडच्या मंडळींना पुढचं नाव माहीत असेल. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे बत्तीस वर्षांचे शास्त्री पौरोहित्याला उभे राहिले: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मराठी विश्वकोशाचे लक्ष्मणशास्त्री आपल्याला ठाऊक असतात. मद्रासच्या मुलीचं लग्न पुण्यात लावणारे लक्ष्मणशास्त्रीही आपलेच, ही गोष्ट इथल्या मराठी माणसाने थोडी मिरवायला हरकत नाही.

गांधीजींनी त्या दिवशी देवदासला बजावलं, राजाजींचं रत्न तू आज पळवून नेतो आहेस, त्याला लायक हो. लग्नात वरबापाने मुलीच्या वडिलांची बाजू घेऊन मुलाला सुनवावं, असं तुम्ही किती लग्नांत पाहिलंय? आपल्याकडे व्याही म्हटलं की मानपान आला, रुसवेफुगवे आले. हे दोघे व्याही पुढे भांडले, आणि कडाक्याचे भांडले. १९४२ मध्ये ‘चले जाव’ आणि पाकिस्तानच्या मागणीवरून राजाजी काँग्रेसमधून बाहेर पडले, सभांमधून लोकांच्या शिव्या खात फिरले. पण त्या भांडणात लेकीचं घर कधी ओढलं गेलं नाही.

थोरली लेक नामगिरी तरुणपणीच विधवा झाली आणि वडिलांकडे परत आली. पुढे अखेरपर्यंत वडिलांचं घर तिनेच सांभाळलं. दिल्लीच्या त्या अवाढव्य गव्हर्न्मेंट हाउसमध्येही घरची बाई तीच होती. वडील मुलांना सांभाळतात असं आपण म्हणतो. म्हाताऱ्या वडिलांना कोण सांभाळतं, हे चरित्राच्या एका ओळीत उरकलं जातं, आणि ती ओळ बहुधा एखाद्या मुलीविषयी असते.

मुलगा नरसिंहन कृष्णगिरीहून काँग्रेसचा खासदार होता. १९५९ मध्ये वडिलांनी काँग्रेसविरुद्ध नवा पक्ष काढला, तरी मुलगा काँग्रेसमध्येच राहिला. मुलाने आपल्यामागे यावं म्हणून वडिलांनी नवा पक्ष काढल्याची उदाहरणं आपल्याकडे भरपूर आहेत. हे उलटं उदाहरण मला फार आवडतं.

आणि आजोबा? मंडळी, या आजोबांनी केलं ते सगळ्या आजोबांनी केलं. गोष्टी सांगितल्या. फरक इतकाच, की ऐकायला सगळा तमिळ मुलूख बसला होता. ‘कल्कि’ साप्ताहिकात त्यांनी महाभारत लिहिलं, मग रामायण. तमिळ रामायणाला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजीत भारतीय विद्या भवनने काढलेल्या प्रती अजून रेल्वे स्टेशनांवर विकल्या जातात. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी महाभारत पहिल्यांदा त्याच पुस्तकातून वाचलं असेल. त्यात पांडित्य नाही. वाक्यं छोटी, मधेच एखादी टिप्पणी, की पुन्हा गोष्ट सुरू. मांडीवर मूल असल्यासारखं ते लेखन आहे. सत्तेवर असलेल्या आणि सत्तेतून उतरलेल्या माणसांनी आत्मचरित्रं लिहायची पद्धत आहे. या माणसाने स्वतःची बाजू मांडण्याऐवजी द्रौपदीची आणि कर्णाची गोष्ट सांगत बसणं पसंत केलं.

१९६२ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, ते अमेरिकेला गेले. कशासाठी? अणुचाचण्या थांबवा, हे केनेडींना सांगायला. चाचण्यांचं विष अजून न जन्मलेल्या मुलांच्या अंगात उतरणार, ही त्यांची तक्रार होती. मला ती राजकारण्यापेक्षा आजोबाची तक्रार वाटते.

नातवंडांपैकी तिघांची नावं लोकांना माहीत आहेत. रामचंद्र गांधी तत्त्वज्ञ झाले. गोपालकृष्ण १९६८ मध्ये सनदी सेवेत आले आणि तमिळनाडूतच रुजू झाले, तेव्हा आजोबा इथे बझलुल्ला रोडवर हयात होते. राजमोहन गांधींनी आजोबांचं चरित्र लिहिलं. त्या चरित्रात आजोबांच्या चुका आहेत, हट्ट आहे, हरणंही आहे. नातवाने लिहिलेल्या पुस्तकात हे असावं, हे आजोबांच्या घराबद्दल बरंच सांगून जातं.

इथवर सगळं छान चाललं. इथे थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण मघाशी म्हटलं ना, घरातलं बाहेर येतं तेव्हा दोन्ही होतं. आता दुसरं.

आधी चांगल्या बाजूचं एक उदाहरण देतो, म्हणजे तराजू कलणार नाही. १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आली. तिच्यामागे तिरुचेंगोडच्या आश्रमात पाहिलेली घरं होती, ताडीच्या दुकानात संपणारी मजुरी होती. सरकारचं उत्पन्न बुडालं, ते भरून काढायला १९३९ मध्ये राजाजींनी विक्रीकर आणला. दुकानदाराशी बिलावरून हुज्जत घालणाऱ्यांनी तो कुठून आला हेही ध्यानात ठेवावं! दारूबंदी यशस्वी झाली का, यावर वाद आहे. पण दारू पिणाऱ्याच्या चुलीचा विचार करणारा राज्यकर्ता होता, यावर नाही.

आता १९५३. मुख्यमंत्री राजाजींनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. शाळा थोड्या, शिक्षक थोडे, पैसा नाही, मुलं फार. तेव्हा मुलांच्या दोन पाळ्या करायच्या. प्रत्येक पाळी तीन तासांची. तितक्याच शिक्षकांत दुप्पट मुलं शिकतील. आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात? मुलाने घरी वडिलांचा धंदा शिकावा. सुताराच्या मुलाने सुतारकाम, विणकराच्या मुलाने माग. शहरातल्या शाळांना हे लागू नव्हतं.

कागदावर किती समंजस वाटतं! आणि राजाजींच्या मनात कपट होतं, असं मी मानत नाही. घर ही शाळा आहे, वडील हे पहिले गुरू आहेत, हाताला काम हवं: गांधीजींच्या आश्रमात राहिलेल्या माणसाला यात गैर काय दिसणार? पाच मुलं एकट्याने वाढवणाऱ्या बापाचा घरावर विश्वास होता. तो त्याने कमावलेला होता.

पण कोणाच्या घरावर? न्हाव्याच्या मुलाने अर्धा दिवस काय शिकायचं? मैला वाहणाऱ्याच्या मुलाने? ज्याच्या बापाला पिढ्यानपिढ्या एकच काम करू दिलं गेलं, त्याला ‘बापाकडून शीक’ म्हणायचं, म्हणजे दाराला बाहेरून कडी लावायची. राजाजींचे स्वतःचे वडील गावचे मुनसफ. त्यांनी मुलाला घरी बसवून गावकीचे कागद लिहायला लावलं नाही. होसूर, मग बंगळूर, मग मद्रास अशी पायरी पायरीने शाळाकॉलेजं दाखवली. म्हणून तो गव्हर्नर जनरल झाला. विरोधकांनी योजनेला नाव दिलं, ‘कुलक्कल्वि’, कुळाचं शिक्षण. पेरियार रस्त्यावर उतरले, द्रमुक उतरला, खुद्द काँग्रेसमध्ये बंड झालं. राजाजींनी पक्षाला विश्वासात घेतलं नव्हतं आणि माघार घ्यायलाही ते तयार नव्हते. १९५४ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं.

माझ्या मनात सारखा प्रश्न येतो. पोटच्या मुलीला कुळाच्या कुंपणाबाहेर जाऊ देणारा, त्यासाठी शास्त्राशी झगडणारा शास्त्री पाठीशी घेणारा हा बाप, राज्यातल्या लाखो मुलांना कुंपणातच का बसवायला निघाला? सोपं उत्तर आहे, दुटप्पीपणा. राग असणाऱ्यांनी तेच दिलं. मला ते पुरेसं वाटत नाही. लक्ष्मीला त्याने डोळ्यांसमोर वाढताना पाहिलं होतं, तिचं मन पाच-सहा वर्षं तोलून पाहिलं होतं. खेड्यातला सुताराचा मुलगा त्याच्यासमोर सुताराचा मुलगा म्हणूनच उभा होता. जवळच्यासाठी आपण नियम बदलतो आणि दूरच्यासाठी नियम करतो. चांगले वडील हे अधिकच करतात, कारण आपल्या घरासारखीच सगळी घरं असतात, असं त्यांना मनापासून वाटतं.

पेरियार आणि राजाजी यांची मैत्री या सगळ्यातून टिकली. १९७२ च्या डिसेंबरात राजाजी गेले, तेव्हा नव्वदी ओलांडलेले पेरियार चाकाच्या खुर्चीवरून आले आणि सर्वांदेखत रडले. योजनेविषयीचं मत मात्र त्यांनी बदललं नाही.

राजाजींनंतर मुख्यमंत्री झाले कामराज. गादीवर आल्याबरोबर त्यांनी सगळ्यांत आधी ती योजना रद्द केली. हे कामराज कोण? विरुदुनगरच्या एका दुकानदाराचा मुलगा. वडील सहाव्या वर्षी गेले, शाळा लवकरच सुटली, दुकानात कामाला उभं राहावं लागलं. त्यांनी लग्न केलं नाही. ना पती, ना पिता, ना आजोबा. बापाकडून धंदा शिकायला त्यांना बापच उरला नव्हता. त्यांनी गावोगाव शाळा काढल्या, आणि मुलं उपाशी येतात म्हणून १९५६ पासून दुपारचं जेवणही शाळेतच द्यायला सुरुवात केली.